पावणेतीन कोटी टाके

कापड एकच, तार एकच, विणणारं मशीनही एकच. मग संगणकातलं कापड ताठ आणि आकाशातलं चुरगळलेलं, असं कसं?

या एका प्रश्नानं केतकीच्या घरातलं बोलणं बंद पाडलं होतं. आधीच घरात माणसं दोन. अकरा वर्षांची केतकी आणि तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, अण्णाप्पा चौगुले. बाबा तर तिला आठवतसुद्धा नव्हते. ती दीड वर्षांची असताना ते आजारपणात गेले. आणि आई? ती घरापासून इतकी लांब होती की ते अंतर किलोमीटरमध्ये सांगायचं तर शून्यं मोजता मोजता दमायला होईल. आई, म्हणजे पद्मजा, ‘सारंगा’ नावाच्या यानातून एका लघुग्रहाकडे निघाली होती (लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, ग्रहाहून कितीतरी लहान असा दगडी गोळा). तिला जाऊन चौदा महिने झाले होते आणि परत यायला अजून बावीस महिने होते.

इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांकडे माग होते, चौगुल्यांकडे मात्र सुयांचं मशीन. फरक साधा आहे, पण पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून टाकलेला बरा. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. असं कापड ओढून बघा, फारसं हलत नाही. सुयांच्या मशीनवर धाग्याचे फासे होतात. एका फाशातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. तुमचे मोजे, बनियन, स्वेटर असेच विणलेले असतात. त्या एकेका फाशाला टाका म्हणतात. धागा स्वतः ताणत नाही, तरी मोजा पायावर ताणला जातो, कारण टाका आपला आकार बदलतो.

आबांनी चाळीस वर्षं बनियनं विणली आणि म्हातारपणी त्यांच्या मशीनवर चढली ती सोन्याचा मुलामा दिलेली, केसाहून बारीक तार. त्या तारेची जाळी सारंगाच्या मोठ्या अँटेनासाठी होती. लेकीच्या यानाची जाळी बापानं विणली म्हणून गल्लीत आबांचा रुबाब काही विचारू नका. चहाच्या गाड्यावर त्यांना कुणी पैसे देऊ देत नसे.

आता अँटेना. अँटेना म्हणजे आवाज आणि चित्रं वाहून नेणाऱ्या रेडिओलहरी फेकायचं आणि झेलायचं साधन. सारंगावर असे दोन होते. लहान होता ताटाएवढा. मोठा होता छत्रीसारखा मिटवून नेलेला, उघडला की बारा मीटर रुंद. त्याच्या काड्यांवर आबांची जाळी ताणलेली. जाळीला भोकं असतात, मग लहरी त्यातून निसटत नाहीत का? नाही निसटत. चाळणीतून पीठ खाली पडतं, गहू वरच राहतात, तसंच हे. लहरींची लांबी भोकांपेक्षा मोठी असली की लहरींना ती जाळी अख्खी भिंत वाटते आणि त्या परत फिरतात. भिंत मात्र सरळ हवी. तिला चुणी पडली की लहरी भलतीकडेच जातात.

आतापर्यंत सगळं बोलणं चाललं होतं ते लहान अँटेनावर, आणि तो होता पक्का कंजूष. एवढ्याशा ताकदीत सगळं कसं पाठवणार? म्हणून तो नुसते शब्द पाठवायचा. मधलं थांबणं, श्वास, गुणगुणणं, ‘हं’ म्हणणं, सगळं वाटेत गाळून टाकायचा. आईचा आवाज यायचा, पण कुणीतरी वाचून दाखवल्यासारखा. शिवाय केतकीनं “आई, जेवलीस का?” विचारलं की ते तिथं पोचायला बारा मिनिटं आणि उत्तर परत यायला बारा. केतकी स्वयंपाकघरातलं घड्याळ चोवीस मिनिटांवर लावायची आणि तेवढ्या वेळात आईच्या वतीनं स्वतःच उत्तर देऊन बघायची. “जेवले गं राणी. तू?” मग घड्याळ वाजायचं आणि खरं उत्तर यायचं, ते बरेचदा वेगळंच असायचं.

आणि खरं सांगायचं तर आईचा खरा आवाज आता तिला नीट आठवेनासा झाला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? मे महिना होता. शाळा बंद, मैत्रिणी मामाकडे, आणि आबा शेडमध्ये बंद मशीनसमोर बसलेले. कारण तीन आठवड्यांपूर्वी मोठा अँटेना उघडला होता आणि त्याच्या जाळीला मधोमध ही एवढी मोठी चुणी पडली होती. छत्रीच्या काड्या शेवटपर्यंत उघडल्याच नव्हत्या. यानावरून आलेलं ते चित्र आबांनी एकदाच पाहिलं आणि नंतर ते चहाच्या गाड्यावर गेले नाहीत.

अकरा दिवसांनी सारंगा इतकं लांब जाणार होतं की लहान अँटेनाची हाक पृथ्वीवर ऐकू येणार नव्हती. मोठा नीट झाला नाही तर? तर पुढं जवळजवळ दोन वर्षं आईचा एक शब्दसुद्धा येणार नव्हता. केतकीनं कॅलेंडरवर अकरा चौकटी मोजल्या आणि पेन ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून आबांना बोलावणं आलं. घरात एकटं कुठं ठेवायचं पोरीला, म्हणून आबांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं.

प्रयोगशाळा गावाबाहेर, ओसाड माळावर. तिथं बसायच्या डॉ. नसीमा शिकलगार. वय साठ, केस आखूड, चहा बिनसाखरेचा, आणि बोलणं त्याहून कोरडं. जाळी कशी वागेल याचा सगळा हिशोब त्यांनी केला होता.

“मला लहान मुलांशी बोलता येत नाही,” त्या केतकीला म्हणाल्या. “मोठ्यांशी बोलते तसंच बोलेन. चालेल?”

“चालेल,” केतकी म्हणाली. गेल्या तीन आठवड्यांत तिच्याशी इतकं लांब वाक्य कुणी बोललंच नव्हतं. “मग सांगा. तुम्ही जाळी आधी उघडून बघितली नव्हती का?”

“कशी बघणार? इथं बारा मीटरची जाळी पसरली की ती आपल्याच वजनानं मध्ये लोंबते. यानात वजनच नसतं. जमिनीवर जे दिसेल ते आकाशात होणारच नाही. म्हणून मी जाळी संगणकात विणली.”

“संगणकात विणतात?”

“विणतात. बस इथं.” मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. “याला प्रतिमान म्हणतात (खऱ्या वस्तूची संगणकातली हिशोबी नक्कल). आधी तार घेतली. संगणकाला तार कळत नाही, त्याला आकडे कळतात. म्हणून तारेच्या जागी मण्यांची माळ धर. दोन मण्यांच्या मध्ये एक बारकी स्प्रिंग. माळ ओढली तर स्प्रिंग किती जोर लावते, वाकवली तर किती विरोध करते, हे आकडे खऱ्या तारेवर मोजून घेतले.”

पडद्यावर एक माळ वळली, दुसऱ्या फाशात शिरली आणि अडकली.

“आता संगणकाला नियम सांगायचे. पहिला नियम, एक तार दुसरीच्या आरपार जाऊ शकत नाही. तुला हसू येईल, पण हे सांगितलं नाही तर संगणक खुशाल भुतासारखी तारेतून तार काढतो. दुसरा नियम घर्षणाचा (दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा). टाका टाक्यावर जिथं टेकतो तिथं तो जरा अडतो. मग टाका ओढायचा आणि बघायचं. नक्कल अशी चालवून, खरी वस्तू पुढं काय करील ते आधीच पाहायचं, याला म्हणतात सदृशीकरण.”

“आणि असे किती टाके आहेत जाळीत?”

“पावणेतीन कोटी,” दाराशी उभे असलेले आबा म्हणाले. आत आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

“बापरे! पावणेतीन कोटी टाक्यांच्या माळा?”

“नाही केल्या,” मॅडम म्हणाल्या. “हा संगणक त्यात म्हातारा होईल. पण टाके सगळे सारखेच आहेत ना? मग एकच घ्यायचा, शेजाऱ्यांसकट. त्याला म्हणायचं एकक (पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान तुकडा). त्या एकाला सगळं विचारून घ्यायचं. तुला उभं ओढलं तर किती लांब होशील? आडवं ओढलं तर? दोन्हीकडून ओढलं तर? उत्तरांचा तक्ता करायचा. मग अख्खी जाळी थोड्याशा मोठ्या चौकटींत वाटायची आणि प्रत्येक चौकटीला सांगायचं, तू या तक्त्याप्रमाणे वाग.”

केतकीनं पडद्यावरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. “म्हणजे वर्गातल्या एकीला विचारलं आणि तेच सगळ्या वर्गाचं उत्तर धरलं.”

“सगळ्या मुली खरंच सारख्या असतील तर चालतं. टाक्यांचं चालतं.” मॅडमनी कळ दाबली. पडद्यावर सोनेरी छत्री उघडली. एकसुद्धा चुणी नाही. “तीनशे बारा वेळा उघडून बघितली. दर वेळी अशीच. संगणक खोटं बोलत नाही. पण आपण त्याला जे सांगितलं त्यापलीकडचं त्याला काही ठाऊकही नसतं. मी त्याला काहीतरी चुकीचं सांगितलंय आणि काय ते मला सापडत नाही.”

टेबलावर काचेची पेटी होती. आत सोनेरी जाळीचा हातभर नमुना चारी बाजूंनी चिमट्यांत ताणून बसवलेला. याच नमुन्यावरून मॅडमनी टाक्याची उंची-रुंदी मोजली होती. चिठ्ठीवर आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘निजवलेलं. दोन दिवस.’

“निजवलेलं म्हणजे?” केतकीनं विचारलं.

“तुझ्या आबांच्या शेडचा नियम,” मॅडम म्हणाल्या. “मशीनवरून उतरलेलं कापड खाली ओढून ओढून आलेलं असतं. टाके उंच आणि अरुंद झालेले असतात. ते दोन दिवस टेबलावर नुसतं पसरून ठेवायचं. हात लावायचा नाही. मग टाके सैल होतात, आपल्या खऱ्या आकारात येतात. पुस्तकात त्याला शिथिलीकरण म्हणतात (ताण गेल्यावर कापडानं आपल्या मूळच्या आकारात येणं). आबांचा शब्द जास्त बरा आहे. न निजवलेलं कापड मी मोजतच नाही. आणि अण्णाप्पांची चिठ्ठी असली की मी दुसऱ्यांदा विचारत नाही.”

आबांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, कौतुक झालं.

जाताना मॅडम म्हणाल्या, “मोहिमेची माणसं सोमवारी आज्ञा पाठवणार आहेत. जाळीच्या मागे दोऱ्या आहेत, लहान मोटारींनी ओढायच्या. जाळी आडवी सैल दिसते, म्हणून आडव्या दोऱ्या ओढायच्या ठरवल्यात. मला भीती वाटते. कडेचा एक टाका तुटला की उसवत जाईल सगळं. पण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.”

सोमवारला चार दिवस होते.

घरी आल्यावर आबा शेडमध्ये गेले आणि केतकी आपल्या खोलीत. उशीखालून तिनं तो तुकडा काढला. आई घरातून उड्डाणतळाकडे निघाली त्या दिवशी जाळीच्या शेवटातून तिनं दोन सारखे तुकडे कापले होते. एक केतकीला, एक स्वतःला. केतकीच्या गणिताच्या वहीवर, चौकटींच्या पानावर तुकडा ठेवून आईनं कडेनं पेन्सिल फिरवली होती. “हा तुझा. माझाही अगदी एवढाच. आठवण आली की चुरगाळायचा, मग सोडून द्यायचा. बघ, परत सरळ होतो.” चौदा महिने केतकीनं तो तुकडा खिशात वागवला होता, मुठीत दाबला होता, त्यात डोळे पुसले होते.

आज तिनं ती वही काढली. का काढली? काही कारण नाही. आईनं काढलेली रेघ बघायची होती, इतकंच. तिनं तुकडा त्या रेघेवर ठेवला.

बसेना.

तिनं तो झटकला, हातानं सरळ केला, पुन्हा ठेवला. आईची चौकट होती दहा घरं उभी, आठ घरं आडवी (एक घर म्हणजे एक सेंटिमीटर). तुकडा उभा भरला नऊ घरं. आणि आडवा पावणेनऊच्या आसपास. बाजूनं बाहेर येत होता आणि वर पान मोकळं राहत होतं. तिला आधी वाटलं, आपण तुकडा खराब केला. आईनं दिलेली एकच वस्तू आणि तीही आपण चुरगाळून चुरगाळून बिघडवली.

मग तिनं तुकडा दोन्ही हातांत धरला आणि उभा ओढला. तो लांब झाला आणि बाजूनं आत गेला. दहा उभा, आठ आडवा. रेघेवर अगदी बरोबर बसला. सोडला, की पुन्हा आखूड आणि रुंद. तार काही कमी-जास्त झाली नव्हती. टाक्यातली तार तेवढीच. उंचीत गेली तर रुंदीत कमी पडते, रुंदीत गेली तर उंचीत. म्हणजे त्या दिवशी आईनं रेघ मारली तेव्हा कापड ताणलेलंच होतं. निजलेलं नव्हतं.

पण कसं शक्य आहे? आबांचं कापड आणि न निजवता?

तेव्हा तिला ते टेबल आठवलं. शेडमधलं, कापड निजवायचं लांबलचक टेबल. त्या टेबलाला एरवी बोट लावायची सोय नव्हती. आई निघाली त्या दुपारी मात्र केतकी त्या टेबलावर आडवी होऊन रडली होती, रडता रडता झोपली होती, आणि आबा तिला ओरडले नव्हते. टेबल रिकामं होतं. आई, जाळी आणि नमुना, तिघंही त्याच संध्याकाळी निघाले होते. दोन दिवस थांबायला वेळ होताच कुणाला? आबांनी जाळी आणि नमुना मशीनवरून तसाच उतरवला होता, आणि चिठ्ठी मात्र चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप लिहिली होती.

सांगायचं म्हणजे आबांची चूक सांगायची. आता घरात उरलेलं एकच माणूस, त्याच्या तोंडावर सांगायचं की तुमच्यामुळं. आबा तिच्याशी कायमचं बोलेनासे झाले तर? तिनं वही छातीशी धरली. मग तिला कॅलेंडरवरच्या चौकटी आठवल्या आणि ती उठली.

आबा मशीनच्या सुया पुसत बसले होते. पुसायची गरज नव्हती. त्या आरशासारख्या लखलखत होत्या.

“आबा, रागावणार नाही ना?”

“रागावायला अंगात ताकद लागते, पोरी. काय ते बोल.”

तिनं वही पुढं केली. तुकडा ठेवून दाखवला, ओढून दाखवला, सोडून दाखवला. आणि हळूच म्हणाली, “त्या दिवशी टेबल रिकामं होतं, आबा. मीच झोपले होते त्याच्यावर.”

आबांनी तुकडा हातात घेतला. अंगठ्यानं चाचपला. चाळीस वर्षांची बोटं ती, त्यांना वही लागतच नव्हती. त्यांचा चेहरा असा झाला की केतकीला वाटलं, उगाच बोलले.

“मीच की गं,” ते म्हणाले. “माझ्याच हातानं. लेक जाणार म्हणून डोळ्यासमोर काही दिसत नव्हतं. आणि चिठ्ठीवर खुशाल लिहिलं, निजवलेलं!” त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं. “तीन आठवडे मी माझ्या तारेला शिव्या घालतोय.”

केतकी रडायलाच लागली. “मला सांगायचं नव्हतं. पण मग आईचा आवाज येणार नाही.”

“अगं वेडे,” आबांनी तिला जवळ ओढलं. “सांगितलं नसतंस तर मी काय केलं असतं? चल. स्कूटर काढतो.”

प्रयोगशाळेत आबांनी केतकीला बोलूच दिलं नाही. मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून स्वतःच म्हणाले, “मॅडम, ती चिठ्ठी खोटी हाय. चूक माझी. हिनं शोधलीय.”

मॅडमनी तुकडा भिंगाखाली ठेवला आणि पंधरा मिनिटं त्या टाके मोजत राहिल्या. मग काचेच्या पेटीकडे बघून म्हणाल्या, “आणि मी हा शहाणा नमुना चिमट्यांत आवळून, काचेत जपून ठेवला. तो बिचारा निजणार कधी? या पोरीनं तुकडा खिशात टाकला, मळला, चुरगाळला, म्हणून तो खरं बोलतोय.”

“पण आकाशातली जाळी कुणी चुरगाळली?” केतकीनं विचारलं.

“अग्निबाणानं. उडताना यान असं थरथरतं की घर्षणानं अडकलेले टाके सुटून सरकतात. तुझ्या मुठीनं चौदा महिन्यांत केलं ते त्यानं दहा मिनिटांत केलं. जाळी उभी आखडली, म्हणून काड्या पुऱ्या उघडल्या नाहीत. आडवी पसरली, म्हणून चुणी पडली.” त्या थांबल्या. “असं मला वाटतं. वाटून भागत नाही. पडताळा हवा.”

“आईकडे तुकडा आहे,” केतकी म्हणाली. “माझ्याएवढाच. तिला मोजायला सांगा ना.”

मॅडमनी तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. निरोप गेला. चोवीस मिनिटं लागणार होती, लागली छत्तीस, कारण आईनं म्हणे तीन वेळा मोजलं. कंजूष अँटेनातून कोरडा आवाज आला, “उभा नऊ सेंटिमीटर. आडवा आठ पूर्णांक आठ दशांश. का?”

मॅडमनी नवा टाका विणला, निजलेला. त्याला पुन्हा सगळे प्रश्न विचारले. नवा तक्ता, नवी जाळी. छत्री उघडली. आणि पडद्यावर मधोमध ती चुणी पडली, हुबेहूब यानावरच्या चित्रासारखी. कुणाला चुणी बघून इतका आनंद झालेला केतकीनं पहिल्यांदाच पाहिला. मॅडमनी टाळी वाजवली, स्वतःचीच लाज वाटून हात खाली घेतले.

मग त्यांनी नकलेत सोमवारची आज्ञा चालवून पाहिली. आडव्या दोऱ्या ओढल्या. टाक्यांची तार आडवी धावली, जाळी उभी आणखी आखडली, आणि कडेचा एक टाका लाल होऊन तुटला. त्यामागून शेजारचा, त्याच्या शेजारचा. आबांनी डोळे मिटून घेतले.

“आता उभ्या ओढा,” केतकी म्हणाली. “मी तुकडा उभा ओढला तेव्हा तो आपोआप अरुंद झाला.”

उभ्या दोऱ्या ओढल्या, अगदी हळू, मध्ये मध्ये मोटारींनी जरासं थरथरवून, म्हणजे टाके अडून न बसता सरकतील. तार रुंदीतून उंचीत आली. चुणी बारीक झाली, आणखी बारीक झाली, गेली. काड्या शेवटपर्यंत उघडल्या.

सोमवारची आज्ञा बदलली. पण आकाशात घाई करून चालणार नव्हतं. रोज वीस सेंटिमीटर, सहा दिवस. केतकी रोज कॅलेंडरवरची एक चौकट खोडत होती. नकलेत जमलं ते तिथं जमेलच, असं मॅडमनी एकदाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मॅडमच घरी चहाला आल्या, बिनसाखरेच्या. तिसऱ्या दिवशी केतकीला त्यांनी मण्यांची माळ कशी लिहायची ते शिकवलं. पुढच्या जाळ्या चंद्रावरच्या घरांसाठी विणायच्या होत्या, धूळ अडवणाऱ्या, आणि त्यांच्या प्रतिमानाला एक मदतनीस हवाच होता म्हणे. आबांनी शेडच्या भिंतीवर नवा नियम लिहिला, ‘प्रत्येक कापडाचा एक तुकडा केतकीच्या खिशात.’ तरी संध्याकाळी घरात तेच दोघं असायचे आणि घड्याळाची टिकटिक. पाचव्या दिवशी लहान अँटेनाचा आवाज इतका बारीक झाला की “केतकी” एवढंच कळलं. सहाव्या दिवशी काहीच आलं नाही.

सातव्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, प्रयोगशाळेतल्या ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा लागला. मॅडम, आबा आणि केतकी त्याच्यासमोर उभे राहिले. दिवा लागला, पण आवाज नाही. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. आबांनी केतकीचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, संपलं.

मग नाकातून हळूच घेतलेला एक श्वास ऐकू आला.

आई बोलण्याआधी घ्यायची तो. केतकी विसरली होती, आणि आता एका क्षणात आठवला. आई नेहमीच आधी जराशी थांबायची, मग असा श्वास घ्यायची, मग बोलायची. ती तीन सेकंदांची शांतताही आईचीच होती. कंजूष अँटेनानं चौदा महिने गाळून टाकलेली.

“अगं केतके,” आई म्हणाली, आणि मध्येच हसली, आणि ते हसूही पुरतंच्या पुरतं आलं. “आबा तिथंच आहेत ना? त्यांना सांग, जाळी झकास ताणलीय. आणि तू जेवलीस का?”

आबा खुर्चीत बसले आणि पंच्यात तोंड लपवून रडले. केतकीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण लगेच बोलली नाही. आधी जराशी थांबली, नाकातून श्वास घेतला, तोही आईपर्यंत पोचावा म्हणून. मग म्हणाली, “जेवले गं आई. तू?”